पाठीचे बंद

आमच्या साहेबांच्या पाठीला हात लावायची मुभा जगात एकाच माणसाला होती, आणि ते माणूस म्हणजे त्यांची बायको नव्हे. हे वहिनी स्वतःच सांगायच्या, चारचौघांत, आणि साहेब चहाच्या कपात बघत बसायचे. मुभा होती ती आमच्या ऑपरेशन थिएटरातल्या वॉर्डबॉयला, कक्काला. सर्जन एकदा हात धुऊन, निर्जंतुक गाऊन चढवून उभा राहिला की त्याला पाठीवरचे बंद स्वतः बांधता येत नाहीत. हात मागे गेले की बाटले. मग कुणीतरी मागून येऊन बांधायचे असतात. साहेबांचे बंद कक्का बांधायचा, दुसरं कुणी नाही. कक्का रजेवर असला की साहेब ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकलत आणि पेशंटला खोकला झालाय असं सांगत. पेशंट बिचारा खोकून बघायचा.

मी भूल देणारी डॉक्टर. साहेब सर्जन. पोट, हर्निया, अपेंडिक्स, मुतखडा, जे येईल ते. झाशीत रुळांजवळच्या एका लहानशा हॉस्पिटलात आम्ही कितीतरी वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. सर्जन आणि भूलवाली यांचं नातं सासूसुनेचं असतं. चूल एक आणि कुरबुरी दोन. ते म्हणणार, बाई, पेशंट हलतोय. मी म्हणणार, साहेब, तुमचं आवरत नाहीये. आणि मधल्या हिरव्या पडद्याच्या पलीकडून कुणी बघत नाही असं समजून आम्ही दोघंही तोंडं वाकडी करणार.

दोघंही झाशीचे मराठी. म्हणजे कुणा पूर्वजाने कधीकाळी दक्षिणेतून इकडे घोडा आणला आणि परत न्यायचं विसरला, त्यातले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भाजीवाल्याशी वाजलं की बुंदेली. माझ्या मुलांना मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. साहेबांचं घर पूर्वीचं भटजींचं. देवधर्म त्यांनी कॉलेजातच सोडला होता, पण घरातले दोन शब्द मात्र सोबत घेऊन ते थिएटरात शिरले होते, सोवळं आणि ओवळं. निर्जंतुक ते सोवळं, बाकी सगळं ओवळं. मी एकदा त्यांना चिडवलं, "देव सोडलात आणि सोवळं ठेवलंत होय?" तर म्हणाले, "देवाला सेप्टिक होत नाही, बाई. पेशंटला होतं."

त्यांच्यामुळे सगळ्या थिएटराच्या तोंडी ते शब्द बसले. "सिस्टर, ये चिमटा ओवळा हो गया, दूसरा दीजिए." नवीन आलेल्या सिस्टर आठवडाभर गोंधळून जायच्या, मग त्याही तेच म्हणू लागायच्या. त्यांच्या जिभेला ळ जमायचा नाही. कक्का तर बुंदेलीच करून टाकायचा, "जो तो ओवलो हो गओ, साब." साहेब मान हलवत. उच्चार चुकला तरी चालेल, अर्थ चुकता कामा नये.

त्यांचं एक वचन होतं. शंका आली म्हणजे ओवळं. एकदा पेशंट झोपवलेला, पोट रंगवून तयार, आणि साहेबांना वाटलं की सिस्टरची बाही हत्यारांच्या ट्रेला लागली. झालं. सगळा ट्रे परत. मी वैतागून म्हटलं, "नाही हो लागली. मी बघत होते ना."

"बघत होतात की बघितलंत?"

यावर काय बोलणार, कपाळ? दुसरा ट्रे येईपर्यंत मी त्या पेशंटला झोपवून ठेवलं आणि साहेब छातीसमोर हात जोडून भिंतीकडे बघत उभे राहिले. पण एक सांगते, त्यांचे टाके कधी चिघळले नाहीत. बाहेरगावची माणसं नातेवाइकांचं ऐकून त्यांच्याकडे यायची. "छुओ-मत साहब से करवाना," असं म्हणून पत्ता सांगायची. छुओ-मत साहब हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही. साहेबांना ते माहीत होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं.

थिएटराबाहेरही त्यांचं तेच. दार उघडायचं कोपराने, नाहीतर पाठीने. लग्नात आहेर द्यायला गेले की पाकीट वहिनींच्या हाती आणि यांचे हात छातीशी. सीपरी बाज़ारात भाजी घ्यायला जायचे तर भाजीला हात लावायचे नाहीत, कोपर पुढे करून दाखवायचे. भाजीवाली हैराण होऊन विचारायची, "साब, जे कोहनी भिंडी पे है कि करेला पे?" वहिनी म्हणायच्या, लग्नातसुद्धा यांनी माझा हात धरला तो पाणी सोडायच्या आधी धुऊन, आणि सोडल्यावर पुन्हा धुऊन.

आणखी एक खोड. आमच्या थिएटरच्या खिडक्यांची तावदानं गाडी गेली की थरथरायची. गाडीचा आवाज आला की साहेब हत्यार खाली ठेवत, कंबर सरळ करत, मान एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि गाडी गेली की पुन्हा वाकत. त्यांच्या पाठीला विश्रांती मिळायची ती रेल्वेच्या कृपेने. गाडी लेट असली तर साहेब कुरकुरायचे.

कक्का बोलायला कमी. बरुआसागरहून रोज पहिल्या बसने यायचा, मोसमात पिशवीत आलं आणायचा आणि आम्हा सगळ्यांना वाटायचा. साहेबांचे बंद बांधून झाले की त्यांच्या पाठीवर दोन थापा मारायचा आणि म्हणायचा, "हओ." म्हणजे झालं, लागा कामाला. त्या दोन थापा पडल्याशिवाय साहेब टेबलाकडे वळत नसत. मी पुष्कळदा मनात म्हणायची, सबंध झाशीत या माणसाला थाप मारून कामाला लावणारा हा एकटाच.

कक्काला स्वतःला हर्निया होता. वर्षानुवर्षांचा. वर घट्ट लंगोट बांधून हिंडायचा. साहेब त्याला दर महिन्याला सांगायचे, कक्का, करवा लो, आधे घंटे का काम है. कक्काचं उत्तर ठरलेलं. "हमें टेबल पे लिटा दओ, तो आपखों बाँधहै को?" खरंच, त्याला टेबलावर झोपवलं तर साहेबांचे बंद बांधणार कोण? सगळं थिएटर हसायचं. साहेबही मास्कच्या आत हसत असावेत. डोळ्यांवरून तसं वाटायचं.

मग ती साथ आली.

त्या दिवसांचं मला नीट क्रमाने काही आठवत नाही, आणि ज्याला आठवतं असं म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास नाही. आज सांगायचे हातमोजे दोन घाला, उद्या सांगायचे एक पुरे. सकाळी एक सूचना आणि चहाच्या वेळी दुसरी. ठरलेली ऑपरेशनं सगळी बंद झाली. प्रवासी गाड्या थांबल्या, मालगाड्या तेवढ्या अधूनमधून जात. हायवेने माणसं पायी चालत येत होती, पाय फुटलेली. आणि आमच्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर तापाचा वॉर्ड झाला. हाडांचे डॉक्टर, कानाचे डॉक्टर, साहेब, सगळ्यांना त्या वॉर्डात ड्युट्या लागल्या. ज्यांनी जन्मभर हाताने काम केलं ती माणसं ऑक्सिजनचे आकडे वाचत उभी राहू लागली. हाडांचे डॉक्टर एरवी फार बडबडे. ते आकडे वाचता वाचता बोलायचेच थांबले.

माझंही सांगते. भूल देताना आम्ही माणसाला झोपवतो ते परत उठवायच्या बोलीवर. झोपायच्या आधी तो आपल्याकडे बघतो, आपण म्हणतो, काही नाही, आत्ता उठाल. त्या उन्हाळ्यात मी माणसांना झोपवून घशात नळ्या घालत होते आणि तीच ओळ म्हणत होते, आणि पुष्कळ जण उठले नाहीत. मी घरी यायची आणि स्कूटर बंद करून फाटकाबाहेरच बसून राहायची. आत जाऊ की नको, हात धुतले की नाही, काही सुचायचं नाही. आई आतून हाक मारायची, "अगं, येतेस ना?" तर उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं तेही क्षणभर समजायचं नाही. तेव्हा साहेबांचं जे झालं त्याला मी वेड म्हणत नाही. काय म्हणायचं तेही मला कळलेलं नाही.

झालं ते असं. पहिल्या दिवशी साहेब वॉर्डात जायला निघाले. नळाखाली कोपरापर्यंत हात घासले, ब्रश मारला, हात वर धरून आले आणि कक्काकडे पाठ केली. त्यांना वाटलं, नेहमीसारखंच. तिथल्या तरुण डॉक्टरने, आमच्याच ज्युनिअर सर्जनने, त्यांना समजावलं. सर, इथे उलटं आहे. थिएटरात तुम्ही स्वच्छ असता, आणि पेशंटला तुमच्यापासून जपायचं असतं. इथे तुम्हाला पेशंटपासून जपायचं आहे. इथे झग्याची पुढची बाजू घाण धरायची. काढताना पुढे हात लावायचा नाही, मागून सोडवायचा.

साहेबांचे हात वरच होते. थिएटरचा नियम आहे, गाऊनची पुढची बाजू सोवळी, पाठ नेहमीच ओवळी. म्हणून तर पाठीला कुणीही हात लावलेला चालतो. आता पुढून ओवळे आणि पाठ सोवळी. तीस वर्षांची सवय एका वाक्यात फिरवायची. आम्ही बाकीचे निमूट फिरलो, चुकत माकत. पण आमचं चालत होतं, कारण आम्ही कधी त्यांच्याइतके काटेकोर नव्हतोच. ज्याने नियम सैल पाळलाय त्याला तो बदलायला काय लागतं?

"मग पुढे हात लावायचा नाही," साहेब हळूच म्हणाले, "आणि मागेही लावायचा नाही. मग हात ठेवायचे कुठे?"

ज्युनिअर हसला. त्याला वाटलं, सर विनोद करतायत.

संध्याकाळचे फोन सुरू झाले ते त्याच आठवड्यात. साहेब घरी गच्चीवरच्या खोलीत एकटे राहत होते. वहिनी ताट जिन्यात ठेवायच्या. मला फोन यायचा. "बाई, एक विचारायचंय. दाराची कडी आतून सोवळी की बाहेरून?" मी म्हणायची, साहेब, दोन्ही बाजू पुसा आणि झोपा. मग थोड्या वेळाने पुन्हा. "पण पुसलेलं फडकं?" आधी मला हसू यायचं. मी आईलाही सांगून हसवलं. मग एकदा ते म्हणाले, "वहिनींनी जिन्यात ताट ठेवलं आणि वळून गेल्या. त्यांची पाठ मला दिसली. मी ओरडलो, जवळ येऊ नका. त्या जातच होत्या हो." स्वतःच्या बायकोला ते वहिनी म्हणाले, मी म्हणते तसं. मला हसू आलं नाही.

नवतपा लागला होता, त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत झाशीत सावलीसुद्धा तापते. त्या प्लास्टिकच्या झग्यात घामाने आतले कपडे पिळून निघायचे, चष्म्यावर वाफ धरायची, कोण समोर आहे ते ओळखू यायचं नाही, म्हणून आम्ही छातीवर पेनने नावं लिहायचो. अशा एका दुपारी वॉर्डातून सिस्टर धावत आली. म्हणाली, मॅडम, साहब बाहर नहीं आ रहे. झगे उतरवायची एक खोली होती, दाराला काच असलेली. काचेतून बघते तर साहेब मधोमध उभे. हात वर, कोपरात वाकवलेले, हात धुऊन टेबलाकडे निघावं तसे. हलत नव्हते.

मी दार वाजवलं. "साहेब, हात खाली घ्या."

"कुठे?"

"झग्याचे बंद सोडा मागून."

"बाई," ते म्हणाले, "मी आत आहे की बाहेर?"

त्यांचा आवाज शांत होता. एखादा अभ्यासातला प्रश्न विचारावा तसा. मी काचेला तोंड लावून सांगत गेले, आता हे काढा, आता ते, आणि ते लहान मुलासारखे करत गेले. बाहेर आले तेव्हा हात कोपरापर्यंत सोललेले दिसले. घासून घासून कातडी उलली होती, बोटांच्या पेरांत रक्त होतं. त्या हातांनी मी त्यांना इतकी वर्षं काय काय करताना पाहिलं होतं. मला रडू आलं, आणि मास्क असल्यामुळे नाकही पुसता येईना.

"माझे हात गेले का हो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काहीतरीच काय. पण मला खरंच माहीत नव्हतं.

ही गोष्ट हॉस्पिटलच्या इन्चार्ज साहेबांच्या कानावर गेली. माणूस सज्जन. त्यांनी मला बोलावून घेतलं, खिडकी उघडली, लांब बसवलं आणि विचारलं, "आप तो टेबल के उस तरफ़ से इन्हें रोज़ देखती रही हैं. ऑपरेशन थिएटर जब खुलेगा, ये ऑपरेशन कर पाएँगे? हाँ या ना, बस इतना बता दीजिए." हो म्हटलं आणि साहेब पोट उघडून हात वर करून उभे राहिले तर? नाही म्हटलं तर त्यांना कायमचं ओपीडीच्या टेबलावर बसवतील, आणि त्या माणसाकडे थिएटरशिवाय होतं काय? मी म्हटलं, थोडा वक़्त दीजिए. ते म्हणाले, वक़्त किसके पास है, मॅडम. तरी दिला.

साहेबांनाही कुणीतरी सांगितलं असावं. त्या संध्याकाळी त्यांनी कडीचं विचारलं नाही. म्हणाले, "तुम्हाला विचारलंय म्हणे. खरं तेच सांगा. शंका आली तर..." ते वचन पुरं करायची मलाही हिंमत झाली नाही.

कक्का त्या काळात हॉस्पिटलातच राहत होता. बस बंद, बरुआसागर लांब. चादरींच्या खोलीत झोपायचा, वॉर्डात सिलिंडर वर चढवायचा. त्या हर्नियासकट. आम्ही कुणी त्याला अडवलं नाही, कारण सिलिंडर चढवायला दुसरं होतं कोण? एके सकाळी तो चादरींच्या ढिगावर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला सापडला. उलट्या होत होत्या. लंगोट सोडून पाहिलं तर फुगवटा दगडासारखा, आत जाईना. आतडं अडकलं होतं. ताप होता, तपासणी केली तर तीही पॉझिटिव्ह आली.

मोठ्या हॉस्पिटलांत फोन केले. खाटा नव्हत्या. आमचा ज्युनिअर सर्जन स्वतः तापाने घरी पडला होता. अडकलेल्या आतड्याला दुपारपर्यंत सोडवलं नाही तर ते काळं पडतं आणि माणूस जातो. थिएटर उघडायचं तर एकच सर्जन होता.

साहेबांना मी फोन केला. वाटलं होतं पुष्कळ समजवावं लागेल. ते म्हणाले, "येतो," आणि फोन ठेवला. आले तर दार कोपराने उघडून. सोललेल्या हातांवर पांढरं मलम होतं. कक्काला बघितलं, लांबूनच. कक्का म्हणाला, "आ गए साब?" साहेबांनी मान हलवली.

कमीत कमी माणसं आत घ्यायची होती, म्हणून आत आम्ही चौघंच. कक्का, साहेब, सिस्टर आणि मी. पूर्ण भूल द्यायची म्हणजे घशात नळी, त्यात धोका जास्त, म्हणून मी कमरेत सुई द्यायचं ठरवलं. कक्काला टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवलं. मी त्याच्या मागे, निर्जंतुक मोजे घालून, त्याची पाठ स्वच्छ करत होते. सिस्टर हत्यारं मांडत होती, तीही सोवळ्यात. आणि साहेब हात धुऊन आले, आतला प्लास्टिकचा झगा, त्यावर थिएटरचा हिरवा गाऊन चढवला, मोजे घातले आणि उभे राहिले. कक्काच्या समोर, पण दूर. पाठीचे बंद मोकळे लोंबत होते.

बांधायचे कुणी? माझे हात सोवळ्यात, सिस्टरचे सोवळ्यात. मी म्हटलं, "साहेब, मी मोजे बदलते, बांधते."

ते एक पाऊल मागे सरकले. "नको. तुम्ही वॉर्डातून आलात." मग सिस्टरकडे बघून म्हणाले, "आणि त्यांनी बांधलं तर हत्यारं कोण देईल?" मग स्वतःच्या छातीकडे बघितलं. "बाई, हा गाऊन बाहेरून सोवळा. आतला झगा बाहेरून ओवळा. मग या दोघांच्या मधलं काय?"

त्यांचे हात हळूहळू वर यायला लागले, काचेच्या खोलीत होते तसे. सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी सुई हातात धरून उभी, आणि माझ्या मनात इन्चार्ज साहेबांचा प्रश्न. मला वाटलं, संपलं. कक्का गेला आणि साहेबही गेले.

तेवढ्यात कक्का बोलला. दुखण्याने त्याचा आवाज फुटत नव्हता. "साब, तनक पाछें सरको. हम बाँधें देत."

मला आधी समजलंच नाही तो काय म्हणतोय. ज्याच्या अंगात ती साथ, ज्याच्यापासून वाचायला आम्ही हे सगळं चढवलं होतं, तो पेशंट टेबलावर बसून सर्जनच्या पाठीला हात लावणार? वॉर्डाच्या नियमाने याहून मोठी चूक नव्हती. "नको" म्हणायला मी तोंड उघडायला हवं होतं. का उघडलं नाही, देव जाणे.

साहेब कक्काकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. चष्म्यावर वाफ होती, तरी डोळे दिसत होते.

"पाठ ओवळीच असते, बाई," ते म्हणाले. "बांधू दे त्याला."

आणि ते वळले आणि पाठमोरे दोन पावलं मागे सरकले, टेबलाला लागेपर्यंत. माझ्या समोर कक्काची पाठ, कक्काच्या समोर साहेबांची. कक्काच्या एका हाताला सलाइन होतं. मानेचा बंद त्याने बांधला. कमरेचा बांधताना मध्ये कळ आली तेव्हा त्याने डोकं साहेबांच्या पाठीला टेकवलं आणि थांबला. साहेब हलले नाहीत. कळ गेली, त्याने गाठ मारली. मग दोन थापा.

"हओ."

साहेब टेबलाकडे वळले.

पुढचं सांगायला सोपं आहे. मी सुई दिली, कक्काचे पाय बधिर झाले, साहेबांनी छेद घेतला. हातांचं काही गेलं नव्हतं. आतडं बाहेर आलं ते जांभळं होतं. अशा वेळी कोमट पाण्याच्या कपड्यात ते गुंडाळून ठेवतात आणि रंग परततो का याची वाट बघतात. परतला तर ठेवायचं, नाही तर तेवढं कापायचं. साहेबांनी गुंडाळलं आणि आम्ही थांबलो. पलीकडे काय चाललंय ते कक्का पडद्याच्या माझ्या बाजूने विचारत होता, "मॅडम, का हो रओ उतै?" मी म्हटलं, थांबलोय. "काए खों?" आता काय सांगू, कशासाठी थांबलोय ते?

मग तावदानं थरथरली. मालगाडी होती, लांबलचक. साहेबांनी हात छातीशी धरले, कंबर सरळ केली, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. कितीतरी दिवसांनी. गाडी जाईतो ते तसेच उभे होते. गाडी गेल्यावर त्यांनी कपडा उलगडला आणि मला म्हणाले, "बघा."

मी पडद्यावरून वाकले. गुलाबी होतं.

साहेब बरे झाले असं मी म्हणणार नाही. ऑपरेशन संपलं, कक्काला वर नेलं, आणि झगे उतरवायच्या खोलीत साहेब पुन्हा उभे. हात अर्धवट वर. म्हणाले, "बाई, आता?"

"आता पुढून ओवळे, साहेब. मागून सोडायचं."

ते वळले. माझ्याकडे पाठ केली, आणि मला कळलं की मी सोडावं असं ते म्हणतायत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी बंद ओढला. कक्काची गाठ एका ओढीत सुटते, तशीच मारायची असते. साहेबांचे हात खाली आले.

दुसऱ्या दिवशी इन्चार्ज साहेबांनी बोलावलं. तीच खिडकी, तीच लांबची खुर्ची. कक्काने सकाळी चहा मागितला, हे त्यांना कळलं होतं. म्हणाले, "तो अब बताइए, मॅडम. डॉक्टर साहब कर पाएँगे?"

"हाँ," मी म्हटलं. "बस, पीठ के बंद किसी और को बाँधने पड़ते हैं."

"वो तो सब सर्जनों के बाँधने पड़ते हैं."

"जी."

त्यांनी पुन्हा विचारलं, "पक्का?"

मला शंका होती. भरपूर होती. आदल्या रात्री साहेबांचा फोन येऊन गेला होता, कडीचा. शंका आली म्हणजे ओवळं, हे मीही त्यांच्याकडूनच शिकले होते.

मी म्हटलं, "पक्का."